कुर्त्याचा टेक पॅक: किती लिहायचं आणि किती मास्टरवर सोडायचं?

कापूसकोंडी
मंडळी, मदत हवी आहे.

मी आणि माझी मावसबहीण मिळून सुती कुर्ते विकतो. आजवर ओळखीच्या टेलरकाकांकडून थोडे थोडे शिवून घ्यायचो, त्यामुळे "काका, मागच्यासारखंच" एवढं पुरायचं. आता पहिल्यांदाच ३०० नगांचं काम पुण्याजवळच्या एका युनिटला जॉबवर्कवर देतोय. एकच स्टाइल, पाच साइझ, दोन रंग. कापड आणि बटणं आमची, कटिंगपासून पॅकिंगपर्यंत सगळं त्यांचं.

निर्यात कंपनीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने तिच्याकडचा टेक पॅकचा, म्हणजे कपडा कसा शिवायचा ते लिहून दिलेल्या कागदांचा, नमुना पाठवला. उघडला आणि धडकीच भरली. स्केच, मोजमाप तक्ता, सामानाची यादी, टाक्यांचे आकडे, लेबल कुठे, घडी कशी, पिशवीला भोकं किती! युनिटमध्ये दाखवला तर मास्टर हसले. म्हणाले, "ताई, एवढं कोण वाचणार? एक चांगला शिवलेला पीस द्या, डिट्टो काढून देतो."

तर एवढ्याशा कामाला टेक पॅक खरंच लागतो का? लागत असेल तर त्यातलं काय गाळलं तर चालेल, आणि काय गाळलं तर पस्तावू?

पुणेरी_पाटी
"डिट्टो" म्हणून शिवून आलेल्या ब्लाउजांचं एक गाठोडं माझ्या कपाटात आहे. वाचतेय.

सुईदोरा
लागतो. बंगळूरला मर्चंडायझर आहे, रोज हेच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीस देऊन डिट्टो होतं ते एका साइझपुरतं. तुम्ही एम दिलात. आता एक्सएलला छाती किती वाढवायची, खांदा किती, मुंढा (बाही जोडतात ती जागा) किती खोल न्यायचा, हे त्या पीसवर कुठे लिहिलंय? मास्टर अंदाजाने करणार, आणि घाईत असले तर सगळं सरसकट वाढवणार. माणूस जाड झाला म्हणून त्याची हाडं रुंद होत नाहीत. छातीचा घेर दोन इंच वाढला तरी खांदा अर्धा-पाऊण इंचच वाढवायचा असतो. हे साइझवारी तक्त्यात आलंच पाहिजे.

दुसरं म्हणजे मोजायचं कुठून. "बाही १७ इंच" लिहिलंत. खांद्याच्या टोकापासून, की मागच्या गळ्याच्या मध्यापासून? "उंची ४२" लिहिलंत. मानेलगत खांदा सगळ्यात उंच असतो तिथून, की मागच्या गळ्याच्या मध्यापासून? यात इंचभर फरक सहज पडतो. छातीला टेप मुंढ्याच्या टोकाला लावायचा की एक इंच खाली? माल आल्यावर भांडणं होतात ती निम्मी यावरून. युनिटवाला मोजून दाखवतो ते बरोबर येतं, तुम्ही मोजता ते चूक येतं, आणि दोघंही खरं बोलत असता.

म्हणून तक्त्याशेजारी बाण काढलेलं स्केच हवं, प्रत्येक बाणाला अक्षर आणि तेच अक्षर तक्त्यात. बाकीचा सगळा टेक पॅक फेकून द्या, पण हे पान ठेवा.

मुंढेकरी
सुईदोरा, बोलणं बरोबर आहे तुमचं, पण शिवलेल्या पीसला इतकं मोडीत काढू नका.

मी मास्टर म्हणून लोअर परळला आणि नंतर अंधेरीच्या युनिटांत उभी हयात काढली. ऑफिसातून येणारे कागद खूप पाहिले. मागच्या स्टाइलचा कागद घेऊन वरचं नाव बदलायचं, हा सगळीकडचा रिवाज. त्यामुळे डोक्यातून घालायच्या टॉपच्या सामानात चेन लिहिलेली असते. एकदा तर गळ्याचा पूर्ण घेर २० इंच आणि बटण नाही, चीर नाही, कापड सुती, ताण शून्य. आता डोकं घालायचं कुठून? फोन केला तर बाई म्हणाल्या, "मास्टरजी, जसं लिहिलंय तसं काढा."

कॉलर कशी वळली पाहिजे, बाहीचा माथा मुंढ्यात बसवताना किती सावकाश दाबून घ्यायचा, चुण्या मोकळ्या की दाट, हे कागदावर लिहून येत नाही. हाताला कळतं. आणि लाइनीवर बसलेला कारीगर कागद वाचत नाही, हे मास्टर खोटं बोलले नाहीत. तो समोर टांगलेला तुकडा बघतो. म्हणून आम्ही काय करायचो, कॉलर, पट्टी, कफ, खिसा यांचे सुटे तुकडे शिवून त्या त्या मशीनवर टांगायचो. ताई, तुम्ही पीस द्याच, वर हे तुकडे मागा.

आडनाव_नको
२० इंच गळा म्हणजे तो टॉप नव्हे, उशीचा अभ्रा होता. बाईंचं नाव बदलायचं राहून गेलं असणार.

ताकेवाला
इचलकरंजीहून लिहितोय. सगळे शिलाईवर तुटून पडलेत, कापडाचं कुणी बोलंना.

कापडाच्या पानावर नुसतं "कॉटन पॉपलीन" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. सूत किती काउंटचं (म्हणजे किती बारीक), उभे-आडवे धागे इंचात किती, पन्हा किती, हे पाहिजे. उदाहरणार्थ काउंट ४० बाय ४०, धागे १३२ बाय ७२, पन्हा ५८ इंच. सोबत हातभर तुकडा स्टेपल करा. आणि पन्हा ५८ असला तरी दोन्ही काठ सोडून वापरता येतो तो कमीच. मार्कर (कापडावर तुकड्यांची मांडणी) लावताना तुमच्याच ताक्यांतला सगळ्यात अरुंद ताका मोजून तो आकडा धरायला सांगा. नाहीतर शेवटी तुम्हालाच "मॅडम, कापड कमी पडलं" म्हणून फोन येतोय बघा.

आता आटणं. ताक्याच्या मधून एक मोठा तुकडा कापा, त्यावर पक्क्या शाईने ५० सेंमीचा चौकोन आखा, गिऱ्हाईक घरी धुईल तसा धुवा, वाळवा, मोजा. असं दोन-तीनदा. उभ्यात ५० चे साडेसत्तेचाळीस झाले तर ५ टक्के. उभ्यात बहुतेक करून जास्त आटतं, आडव्यात कमी, म्हणून दोन्हीचे आकडे वेगवेगळे द्या. शिवून धुतल्यावर उंची ४२ पाहिजे असेल तर पॅटर्न, म्हणजे कापायचा साचा, ४४.२ चा लागतो.

आणि प्रत्येक रंगाचा लॉट नंबर लिहून ठेवा. दोन लॉटचे ताके एकत्र कापले की पाठ एका छटेची, पोट दुसऱ्या. कटिंगनंतर प्रत्येक थराच्या तुकड्यांवर एकच नंबर पडला पाहिजे, म्हणजे एका कुर्त्याचे सगळे भाग एकाच थरातले राहतात.

निवांत_निखिल
४२ चे ५ टक्के २.१, म्हणजे ४४.१ ना?

ताकेवाला
नाही हो. आटणार आहे ते मोठं झालेलं माप, ४२ नव्हे. ४२ ला ०.९५ ने भागा, ४४.२१ येतं. ५ टक्क्यांना फरक जाणवत नाही, पण १० टक्के आटणाऱ्या कापडाला गुणाकार केलात तर ४६.२ आणि भागाकार केलात तर ४६.७. अर्धा इंच गेला.

निवांत_निखिल
दंडवत. शाळेत हे कुर्त्यावर शिकवलं असतं तर आम्ही पास झालो असतो.

खटपट्या
एक सावधगिरीची सूचना. तक्ता एक्सेलमध्ये करणार असाल तर आधी सगळे रकाने टेक्स्ट करून घ्या. तुम्ही १/२ टंकलंत की एक्सेल त्याचं १ फेब्रुवारी करतं. मी पाहिलेल्या एका तक्त्यात कॉलरची उंची दीड इंच, आणि त्यापुढे कमी-जास्त "३ ऑगस्ट" (मूळचे ३/८) अशी छापून खालपर्यंत गेली होती.

पुणेरी_पाटी
म्हणजे कॉलर ३ ऑगस्टपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. आमच्या टेलरची तारीख याहून पुढची असते.

सुईदोरा
खटपट्या, हे आमच्याकडेही होतं. इलाज एकच, सेंमीमध्ये दशांशाने लिहा.

मुंढेकरी
सेंमी देऊ नका. मास्टरच्या डोक्यात इंच आणि सूत. दोन सूत म्हटलं की पाव इंच, टेपकडे न बघता हात तिथे जातो. ०.६ सेंमी लिहिलंत तर तो आधी मनात इंच करणार आणि तिथेच घोळ घालणार. फॅक्टरी निर्यातीची असेल तर सेंमी चालेल, पुण्याजवळच्या जॉबवर्कवाल्याला इंचच द्या.

सुईदोरा
बरं, इंच तर इंच, पण एका कागदात एकच. अर्धा तक्ता इंचात, अर्धा सेंमीत असं नको.

खटपट्यांनी कमी-जास्तीचा विषय काढलाच आहे तर टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याबद्दल, सांगते, कारण नवीन लोक हा रकाना एकतर मोकळा ठेवतात नाहीतर सगळीकडे "अर्धा इंच" लिहून मोकळे होतात.

समजा कुर्ता सपाट ठेवून मोजलेली अर्धी छाती एमला २०, एलला २१. टॉलरन्स अर्धा इंच दिलीत. आता एम २०.५ आला तरी पास, आणि एल २०.५ आला तरी पास! दोन्ही कुर्ते एकाच मापाचे आणि लेबलं वेगळी. तुम्ही तक्रारही करू शकत नाही, कारण सहीचा कागद तुमचाच. म्हणून टॉलरन्स दोन साइझमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमीच हवी. अर्ध्या छातीला पाव इंच ठीक. उंचीला अर्धा इंच चालतो, कुणाच्या लक्षात येत नाही. गळा, कॉलर, पट्टीची रुंदी इथे एक सूत, फार तर दोन.

आणि अर्धी छाती की पूर्ण घेर हे तक्त्याच्या डोक्यावर लिहा. अर्ध्याची टॉलरन्स पूर्णाला लावली की अर्थ बदलतो.

भाकरी_ठेचा
म्हणूनच माझा एका ब्रँडचा एल मला होतो आणि त्याच ब्रँडचा दुसरा एल होत नाही! मी उगाच भात सोडला होता.

गडबडगुंडा
मुळात आपल्याकडे प्रत्येक ब्रँडचा एल ज्याचा त्याचा. निफ्ट या फॅशनच्या शिक्षणसंस्थेने इंडियासाइझ म्हणून देशभरातल्या पंचवीस हजारांवर लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचं काम हाती घेतलं होतं, त्यात मुंबईही होती. तोवर बरेचसे ब्रँड ब्रिटिश-अमेरिकन तक्ते घेऊन इकडेतिकडे ओढत बसलेले. आपल्या बायकांचे दंड आणि कंबर त्या तक्त्यांत बसतच नाहीत.

पुणेरी_पाटी
दंडाबद्दल +१००. कापूसकोंडीताई, बाहीचा घेर दंडाशी किती आहे ते आधी बघा. कुर्ता छातीत बसतो आणि दंडात अडकतो, ही घरोघरची कथा.

चालतंय_की
अवांतर: खिसा आहे का कुर्त्याला? नसेल तर टेक पॅक जाऊ द्या, आधी खिसा घाला.

कापूसकोंडी
आहे हो, दोन्ही बाजूंना. सगळे उपयुक्त प्रतिसाद टिपून घेतेय.

चालतंय_की
मग खिशाचंही लिहा, नाहीतर हरभरा मावेल एवढा करून देतात. तोंड किती, खोली किती, खांद्यापासून किती खाली सुरू, तोंडाच्या दोन्ही टोकांना बारटॅक (मजबुतीचे दाट टाके). खिशाच्या आतल्या पिशवीचं कापड कुठलं तेही. उरलेल्या अस्तराची पिशवी लावली तर पहिल्या चावीला भोक. स्वतःचा मोबाइल घालून बघा आणि मगच माप ठरवा.

गणवेशवाला
सोलापूरकर. आमचा धंदा शाळेच्या गणवेशाचा, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो.

आमच्याकडे एकच माल वर्षानुवर्षं द्यावा लागतो. पाचवीतल्या पोराचा शर्ट या वर्षीचा आणि भावाचा पुढच्या वर्षीचा शेजारी शेजारी उभा राहतो, छटा जुळली पाहिजे. एका शाळेने रंग "आकाशी" एवढाच लिहून दिलेला. पुढच्या वर्षी नवे मुख्याध्यापक आले, म्हणाले हा आमचा आकाशी नव्हेच. आता तुकडा दोघांच्या सहीने घेतो, एक आमच्याकडे, एक शाळेत, तोही पाकिटात बंद. उजेडात राहिला की उडतो.

रंग ट्यूबलाइटखाली पास करू नका. दुकानाच्या दिव्यात जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसते. लाइट बॉक्स (रंग तपासायची दिव्यांची पेटी) नसेल तर सकाळी उत्तरेच्या खिडकीत बघा.

आणि लहान मुलांच्या कपड्यांत माया (आत सोडलेलं जादा कापड) किती सोडायची ते आम्ही ठळक लिहितो. हाफपँटला आणि फ्रॉकला खाली दुमडीत तीन इंच. आई-वडील पुढच्या वर्षी उसवून वाढवतात. कापड वाचवायला युनिटवाला दीड इंचच ठेवतो आणि बाहेरून काही कळत नाही. नुसतं बाहेरचं माप लिहून भागत नाही ते यासाठी.

मुंढेकरी
गणवेशवाले, लाखात एक बोललात. आतली माया, दुमड, टीप ही कागदावर आलीच पाहिजे. तिथेच हात मारला जातो.

सुईदोरा
अगदी. "आतून फिनिशिंग स्वच्छ" असं लिहू नका, त्यावर कुणाला पकडता येत नाही. कडेची शिलाई कुठली ते लिहा. साधी सरळ टीप म्हणजे ३०१, तीन धाग्यांचं ओव्हरलॉक ५०४, आणि साखळी टाका अधिक ओव्हरलॉक एकत्र असलेली पाच धाग्यांची ५१६. हे आकडे आयएसओ ४९१५ मधले, कुठल्याही देशातल्या कारखान्यात तेच. सुती कुर्त्याला कडेने ५१६ चालेल, किंवा ३०१ मारून वर ५०४. इंचात टाके किती तेही द्या, सुती कुर्त्याला ११-१२. युनिटवाला भाव काढतो तो याच आकड्यांवरून. न लिहिता भाव मागितलात तर तो स्वस्तातलं धरून सांगणार, नंतर तुम्ही फ्रेंच शिलाई (कापडाची कड आत दडवणारी) मागितली की वाद.

धागा कुणाचा हेही ठरवा. सरळ टिपेला शिलाईच्या लांबीच्या साधारण अडीचपट धागा लागतो, तीन धाग्यांच्या ओव्हरलॉकला चौदापट. "धागा असून असून किती" म्हणतात त्यांनी गुणाकार करावा.

आडनाव_नको
बटणांचं काय? माझ्या कुर्त्यांची बटणं काजातून आपोआप निघतात.

खटपट्या
काज मोठं कापलं जातं. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी. बटणाचं माप लाइनमध्ये सांगतात, ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाला लागतं ते १८ लाइन, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. काज उभं की आडवं, पहिलं गळ्यापासून किती, दोघांत अंतर किती, हे लिहावं. आणि एक बटण छातीच्या सगळ्यात रुंद भागावर यायला हवं, नाहीतर तिथेच कुर्ता उघडा पडतो. अंतर प्रत्येक साइझला वेगळं निघतं, तेही तक्त्यात हवं.

लेस्टरची_लीला
मी इथे इंग्लंडमध्ये गारमेंट टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते. कागद की नमुना, या वादात दोघंही बरोबर आहेत, कारण आमच्याकडे दोन्ही लागतात आणि एकमेकांना बांधलेले असतात. कागदावरून युनिट आधी एक पीस काढतं. आम्ही तो मोजतो, माणसाला घालून बघतो, सुधारणा त्याच कागदात तारखेसह लिहितो. मग खऱ्या कापडात, खऱ्या बटणांनी शेवटचा पीस काढून त्यावर दोघांच्या सह्यांचा टॅग लावून सील करतो. कटिंग त्यानंतरच. असे दोन सील पीस ठेवा, एक युनिटला, एक स्वतःकडे. तुमच्याकडचा कुणाला घालायला देऊ नका!

कागदावर आवृत्ती आणि तारीख प्रत्येक पानावर टाका. व्हॉट्सॲपवर "ताई, पट्टी जरा बारीक करू का?" "हो करा" असं झालं तर तेही त्याच दिवशी कागदात आणा. मास्टरच्या टेबलावर जुनी प्रत पडून असते आणि कापणारा तीच उचलतो.

कापूसकोंडी
खूप खूप आभार सगळ्यांचे! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मैत्रिणीचा नमुना बाजूला ठेवला आणि आपला छोटा केला. पहिल्या पानावर पुढचं-मागचं स्केच बाणांसकट, शेजारी इंचात तक्ता. मग कापड, बटण, कॅनव्हास (कॉलर-पट्टीत आतून घालतात तो), लेबल, प्रत्येकाचा तुकडा चिकटवून. एक पान शिलाईचं, त्यात आतली माया, दुमड, ५१६, टाके. शेवटी लेबलच्या जागा आणि घडी. पिशवीची भोकं रद्द केली. युनिटमधले बरेच कारीगर बिहार-बंगालचे आहेत, म्हणून शिलाईच्या पानावर वाक्यं कमी आणि फोटो जास्त, त्याखाली हिंदीत एकेक ओळ. मुंढेकरीकाका, तुमचे कॉलर-पट्टीचे तुकडे मागितले तर मास्टर खूश झाले, म्हणाले हे कुणी सांगितलं तुम्हाला! कागदही निमूट घेतला.

दंडाचं माप बघितलं, पाऊण इंच वाढवलं. पुणेरी_पाटी, तुमच्यामुळे.

आता अजून दोन शंका. आलेले ३०० च्या ३०० कुर्ते मोजायचे का? आणि मास्टर पॅटर्न करणार आहेत तो माझा की त्यांचा?

सुईदोरा
मोजायचे सगळे नाहीत. तयार मालाच्या तपासणीला बहुतेक ठिकाणी एक्यूएल २.५ चा, म्हणजे किती नग तपासायचे आणि किती दोष चालतील ते सांगणारा, तक्ता वापरतात. २८१ ते ५०० नगांच्या लॉटला, तपासणीच्या नेहमीच्या दुसऱ्या पातळीवर, ५० नग काढून तपासायचे. त्यात मोठे दोष असलेले ३ निघाले तरी लॉट पास, ४ निघाले की नापास. मोठा दोष कशाला म्हणायचं ते मात्र आधी लिहून द्या: भोक, डाग, उसवलेली शिलाई, टॉलरन्सबाहेरचं माप, चुकीचं साइझ लेबल. लोंबणारा धागा छोटा दोष. ५० नग सगळ्या साइझ आणि दोन्ही रंगांतून घ्या, वरच्या एकाच खोक्यातून नको. पण हे शेवटचं झालं. पहिले पाच-दहा नग लाइनीवरून उतरताच स्वतः जाऊन मोजा, कारण ३०० शिवून झाल्यावर चूक सापडली तर तिचा उपयोग फक्त भांडायला.

मुंढेकरी
पॅटर्नचं विचारलंत ते बरं केलंत. आमच्यात सवय अशी की पॅटर्न मास्टरच्या खुंटीला, आणि पुढच्या वर्षी तुम्ही दुसरीकडे गेलात की "तो हरवला". तुम्ही पॅटर्नचे वेगळे पैसे द्या, बिलावर "पॅटर्न व ग्रेडिंग" (साइझवारी लहान-मोठं करणं) अशी ओळ घालून घ्या, आणि पाचही साइझचा पुठ्ठ्याचा संच कटिंग झाल्यावर ताब्यात घ्या. प्रत्येक तुकड्यावर स्टाइल, साइझ, उभ्या धाग्याची रेघ आणि माया धरली आहे की नाही, हे लिहून घ्या. आटणं धरून काढलेला पॅटर्न असेल तर टक्केही त्यावरच लिहा. कापड बदललं की तो चालत नाही.

कापूसकोंडी
पॅटर्नचे पैसे वेगळे धरले नव्हते. उद्या कोटेशनमध्ये ती ओळ घालायला सांगते.

चालतंय_की
आणि खिसा?

कापूसकोंडी
तोंड साडेसहा, खोली आठ. मोबाइल आणि चाव्या घालून बघितल्या.